गोमा शिंगवाचं दुसरं सॅम्पल

१

मेलेला माणूस रक्त देऊ शकत नाही. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तरी त्या रविवारी कर्जतला भरलेल्या आमच्या डॉक्टर मंडळींच्या सभेत डॉ. सुनील कर्णुकांनी ते उभं राहून सांगितलं, आणि चहाचे कप होते तिथेच थांबले.

कर्णुक आमच्या संघटनेचे सेक्रेटरी. साजगाव नाक्यावर त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. माणूस इतका शिस्तीचा की शर्टाची इस्त्रीसुद्धा त्यांना घाबरून मोडत नाही. त्यांनी हातातला कागद चष्म्याजवळ नेला आणि नाव वाचलं. गोमा शिंगवा, कुंभिवलीच्या वरच्या पाड्यावरचा. तापात डॉ. प्रबुद्ध ओव्हाळांचा पेशंट झाला, अभ्यासात सामील झाला, पहिलं सॅम्पल दिलं. ताप उतरला, मजुरीला गेला आणि साजगावच्या रस्त्यावर कंटेनरने त्याला उडवलं.

"त्याला माझ्याकडेच आणलं होतं," कर्णुक म्हणाले. "आणलं तेव्हाच तो गेलेला होता. आणि पुण्याला गेलेल्या यादीत गोमा शिंगवाचं दुसरं सॅम्पल आहे. घेतलं त्या दिवशी गोमाला जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. ट्यूबवर डॉ. ओव्हाळांची सही आहे."

सगळ्यांच्या माना ओव्हाळांकडे वळल्या. माझीही वळली.

आता हा अभ्यास काय प्रकार होता ते सांगतो. पावसाळ्यानंतर आमच्या डोंगरपट्टीत एक ताप येतो. गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा चावतो, अंगावर कुठेतरी बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो, आणि आम्ही डॉक्टर लोक त्याला कधी मलेरिया म्हणतो, कधी टायफॉइड, कधी नुसतंच व्हायरल. खरं नाव स्क्रब टायफस. ओव्हाळांनी पुण्याच्या एका संस्थेला गाठून हा अभ्यास आणला. कर्जत-खालापूरच्या साध्या दवाखानेवाल्यांनी तापाच्या पेशंटचं रक्त दोनदा घ्यायचं, एकदा तापात आणि एकदा दोनेक आठवड्यांनी. दोन्हींत फरक दिसला की आजार पक्का.

त्यासाठी त्यांनी आम्हा प्रत्येकाच्या दाराच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. "ताप आधी आपल्या दारात येतो," ते म्हणायचे. "मोठ्या हॉस्पिटलला तो पोचतो तोवर पेशंट तरी बिघडलेला असतो नाहीतर बरा तरी झालेला. मग आपल्या भागातल्या तापावर लांबच्या लोकांनी लिहायचं आणि आपण नुसतं वाचायचं, हे किती दिवस?"

काहीजण तयार झाले. मी झालो नाही. माझ्या दवाखान्यात सकाळी पाय ठेवायला जागा नसते; त्यात संमती, लेबल आणि बर्फाचे डबे कुठे घेऊन बसू, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते हसून म्हणाले होते, "पुढच्या वेळी."

त्या सभेत मात्र ते हसत नव्हते. कर्णुकांनी विचारलं, सही तुमची आहे का?

"सही माझीच आहे," ओव्हाळ म्हणाले. "पण ती ट्यूब मी भरलेली नाही."

कोणीतरी मागून खाकरलं. कर्णुक म्हणाले, पुढच्या रविवारी निर्णय घेऊ. आरोप खरा ठरला तर संघटना अभ्यासातून बाहेर पडेल, पुण्याला कळवेल आणि डॉ. ओव्हाळांचं नाव पुन्हा कुठल्याही अभ्यासात येणार नाही, याची व्यवस्था होईल. मला ओव्हाळांकडे बघवेना. खोटं रक्त भरणारा डॉक्टर, हा शिक्का एकदा बसला की कुंभिवलीत दवाखाना उघडा ठेवणंही अवघड होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच वनिता मॅडमचा फोन आला. डॉ. वनिता पिंगळे, कर्जत स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजी लॅबच्या मालकीण. वयाने सगळ्यांना वडील, जिभेने त्याहून वडील. अभ्यासाची सगळी सॅम्पल पुण्याला जाण्याआधी त्यांच्याकडे थांबत. तिथे रक्तातलं वरचं पिवळं पाणी वेगळं करून पुढे पाठवलं जाई आणि खाली उरलेली गुठळी त्यांच्या फ्रिजमध्ये राही.

"विकास, गाडी काढ. कुंभिवलीला जायचंय."

मी म्हटलं, माझा या अभ्यासाशी काही संबंध नाही. मी त्यात नाही.

"म्हणूनच तू हवास. बाकीचे सगळे एकतर ओव्हाळच्या बाजूचे नाहीतर विरोधातले. तू कुठलाच नाहीस. इतका बिनकामाचा माणूस तालुक्यात दुसरा मिळायचा नाही."

मी गाडी काढली. काय करणार?

हायवेला लागून ओव्हाळांचा दवाखाना आहे. बाहेर टेंपोवाल्यांची ये-जा, आत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पेशंटांचं बाकडं. ओव्हाळ रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. मॅडमनी पर्समधून दोन ट्यूब काढल्या. एक गोमाची पहिली, एक दुसरी. दोन्हींत गुठळ्या होत्या. त्यांनी दुसरी उजेडात धरून मला लेबल वाचायला सांगितलं. गोमा शिंगवा, पाड्याचं नाव, तारीख आणि खाली ओव्हाळांची लांब शेपटीची सही.

"नीट बघ. सहीची शेपटी वर जाऊन नावातून गेलीय. शाई कुणाची कुणावर आहे?"

मी डोळे बारीक केले. नावाची काळी शाई सहीच्या निळ्या शेपटीवरून गेली होती. म्हणजे सही आधी झाली होती आणि नाव नंतर पडलं होतं. पहिल्या ट्यूबवर मात्र उलटं होतं.

ओव्हाळ खाली बघत होते. शेवटी ओव्हाळांनीच तोंड उघडलं. पुण्याला या अभ्यासाच्याच प्रशिक्षणाला जायचं होतं. त्याच आठवड्यात पाड्यावरची दुसरी सॅम्पल घ्यायची ठरलेली होती. तारीख टळली तर पाड्यावरचे लोक मजुरीला पांगले असते. म्हणून त्यांनी कोऱ्या लेबलांवर आधीच सह्या करून ती कंपाउंडर लडकू आणि टेक्निशियन रूपाली यांच्याकडे दिली.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्यापैकी कोण हे करत नाही? गर्दीच्या दवाखान्यात कोऱ्या सर्टिफिकेटवर आणि लेटरपॅडवर सह्या करून ठेवायच्या आणि कंपाउंडरच्या हवाली करायच्या, ही आमची रोजची सवय. पण दवाखान्यातली सवय अभ्यासात चालत नाही.

"काल सभेत हे का नाही सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलं असतं तर दोष लडकू आणि रूपालीवर गेला असता. सही माझी होती. चूकही माझीच आहे."

मॅडमनी ट्यूब पर्समध्ये ठेवली. "हे चांगलं बोललास. पण यातून एवढंच कळलं की ट्यूब भरली तेव्हा तू इथे नव्हतास. ती भरली कोणी आणि कुणाच्या रक्ताने?"

३

लडकू हा ओव्हाळांचा कंपाउंडर. जुना माणूस, पाड्यावरच्या घराघरांत ओळख. त्याला बोलावलं तर तो येतानाच घामाने भिजून आला. पाड्यावर कोण कोण होतं, रांग कशी होती, सगळं त्याने भराभर सांगितलं. मॅडमनी विचारलं की रक्त घ्यायचं शिबिर शाळेच्या व्हरांड्यात होतं की झाडाखाली. लडकू म्हणाला, झाडाखाली.

"झाडाखाली कुठे होतं, लडकूदादा? शाळेत होतं. पावसाची भुरभुर होती त्या दिवशी."

लडकूचा चेहरा उतरला. मग खरं बाहेर आलं. त्या दिवशी कर्जतला टेनिस क्रिकेटची फायनल होती आणि त्याच्या गावची टीम त्यात होती. बर्फाचा डबा आणि सह्या केलेली लेबलं रूपालीच्या हातात देऊन, तिला टेंपोत बसवून तो मैदानाकडे पळाला.

"आमी जिंकलो, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पण साहेबांना तोंड दाखवायची सोय नाय राहिली. ट्यूबला मी हात लावला नाय, आईशप्पत."

मी मॅडमकडे बघितलं. खोटं बोललेल्या माणसाच्या शपथेवर माझा विश्वास बसेना. गोमा गेल्याचं लडकूला कळलं असेल, यादी अपुरी राहू नये म्हणून त्यानेच आपलं रक्त भरलं असेल. सोपं गणित होतं. मॅडम मात्र रूपालीला बोलवा म्हणाल्या.

रूपाली साजगावची. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली. पाड्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदाच गेली होती; चेहरे तिच्या ओळखीचे नव्हते. तिने सरळ सांगितलं की गोमा शिंगवाचं रक्त तिने स्वतः काढलं. एक माणूस आला, त्याने पहिल्या सॅम्पलच्या वेळी दिलेलं गोमाचं कार्ड पुढे ठेवलं आणि हात पुढे केला. तिने कार्डावरचं नाव लेबलावर उतरवलं.

"त्याला नाव विचारलंस?"

रूपाली म्हणाली, "नाही विचारलं. गर्दी होती. कार्ड बघून लिहीत गेले."

माणूस कसा होता, ते मात्र तिला चांगलं आठवत होतं, कारण तो बाकीच्यांसारखा नव्हता. डोकं भादरलेलं, मिशाही काढलेल्या. व्हरांड्याबाहेर चप्पल काढून, हातपाय धुऊन आला. रांग मोठी होती, पण सगळ्यांनी बाजूला होऊन त्याला पुढे सोडलं. रक्त दिल्यावर ती प्रत्येकाला बिस्किटं देत होती. त्याने घेतली नाहीत. सकाळपासून काही खाल्लेलंही नव्हतं. उठताना त्याने एक झेंडूचं फूल बर्फाच्या डब्यावर ठेवलं आणि हात जोडले.

"मला वाटलं जरा भोळसट आहे," ती म्हणाली.

मलाही तेच वाटलं. मॅडमना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्या खिडकीतून डोंगराकडे बघत राहिल्या, आणि एकदम वळून म्हणाल्या, "तिघेही माझ्या लॅबला या. आणि विकास, कर्णुकांनाही फोन लाव. त्यांचंही रक्त लागेल."

४

कर्णुकांना हा फोन करणं म्हणजे वाघाला इंजेक्शन द्यायला जाण्यासारखं होतं. पण ते आले. मॅडमच्या लॅबमध्ये बाही दुमडून खुर्चीवर बसले.

"माझ्यावर संशय आहे?" त्यांनी विचारलं.

"अभ्यास बंद पडावा असं तुम्हाला वाटतं, हे तुम्ही कधी लपवलं नाही," मॅडम म्हणाल्या. "गोमा मेलाय हे या सगळ्यांत फक्त तुम्हाला माहीत होतं. म्हणून विचारावं लागतं."

कर्णुक रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं." मग पुढे सांगू लागले. अभ्यासाला आपला विरोध नाही, अर्धवट अभ्यासाला आहे. पूर्वी एका औषध कंपनीच्या माणसाने अशाच चार डॉक्टरांकडून गोड बोलून फॉर्म भरून घेतले आणि पेशंटांना काय दिलं ते कुणालाच कळलं नाही. त्यातला एक पेशंट त्यांच्या दारात आला होता. "संशोधन करायचं तर मोठ्या हॉस्पिटलपेक्षा जास्त काटेकोर करायला हवं. आपल्यावर कोणी लक्ष ठेवणारं नसतं."

ओव्हाळ कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "मला हेच म्हणायचं आहे, सर." दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

सगळ्यांनी राजीखुशीने रक्त दिलं. मॅडमनी गोमाच्या दोन्ही गुठळ्यांमधले रक्तपेशींचे नमुने काढून काचेवर तपासले. मला जवळ बोलावलं. पहिल्या ट्यूबमधलं रक्त एका गटाचं होतं, दुसऱ्यातलं दुसऱ्या गटाचं. म्हणजे पहिल्याच ट्यूबचं रक्त वाटून दुसरी भरलेली नव्हती. दुसरं रक्त वेगळ्याच माणसाचं होतं.

"आणि हा माणूस या खोलीत नाही," मॅडम म्हणाल्या. ओव्हाळ, लडकू, रूपाली, कर्णुक, कुणाचाच गट जुळत नव्हता.

"कुणीही बाहेरचा माणूस उभा केला असेल," कर्णुक म्हणाले.

"असेल. पण पुण्याहून आत्ताच रिपोर्ट आलाय. त्या माणसाला याच आजाराचा ताप नुकताच येऊन गेलाय. रक्तात भरपूर खुणा आहेत. भाड्याने आणलेला माणूस इतका नेमका मिळतो का?"

मॅडमनी हातमोजे काढले, पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, चल.

५

पाड्याचा रस्ता अर्ध्यावर संपतो. पुढे चढ आहे. गाडी लावल्यावर मॅडम लगेच उतरल्या नाहीत.

"तुला काय वाटतं, विकास?"

मी माझं गणित मांडलं. कोणीतरी एखाद्या भोळ्या माणसाला कार्ड देऊन बसवलं.

"लपूनछपून करायचं काम माणूस अख्ख्या पाड्यासमोर करेल? रांगेतल्या एकानेही हरकत घेतली नाही. कोणी हसलं नाही. उलट त्याला वाट करून दिली. गोमा मेलाय हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे तो जे करत होता ते त्यांच्या नजरेत योग्यच होतं." त्या बोटांवर मोजायला लागल्या. डोकं आणि मिशा काढलेला माणूस. हातपाय धुतलेला, उपाशी, कुणाच्या हातचं न खाणारा. आणि गोमाला जाऊन झाले होते दहा-बारा दिवस. "हा माणूस गोमाचे दिवस करत होता. तेव्हा तो त्याचा मुलगा असेल नाहीतर भाऊ. भाऊ असेल तर एकाच घरात राहिलेला, एकाच गवतात राबलेला. ताप त्यालाही आला असणार, फक्त तो दवाखान्यात आला नाही."

"पण रक्त का दिलं?" मी विचारलं.

"तेवढंच मला कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर चढायचंय. नाहीतर माझ्या गुडघ्यांना काय हौस आहे?"

गोमाचं घर कारवीच्या कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं. आई ठकूबाई बांबूचं सूप विणत बसली होती. गोमाची बायको जना आत होती. आणि दारात कमळ्या उभा होता, गोमाचा धाकटा भाऊ. डोक्यावर नुकते केस उगवत होते.

मॅडम खाली अंगणातच बसल्या. कुणी रागावलेलं नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, शाळेत गोमाचं कार्ड घेऊन तूच आला होतास ना?

"मीच व्हतो," कमळ्या म्हणाला. त्यात त्याला काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. "भावाचं ऱ्हायलं व्हतं ना."

"काय राहिलं होतं?"

कमळ्याने आईकडे बघितलं. ठकूबाईने सूप बाजूला ठेवलं आणि सावकाश सांगायला लागली. गोमाला ताप आला तेव्हा ओव्हाळ डॉक्टर स्वतः चढून आला होता. त्याने सांगितलं, रगत दोनदा लागंल, आत्ता एकदा आणि मागनं एकदा. तुझ्यामुळं दुसऱ्याची पोरं वाचतील. गोमा म्हणाला, देईन. शब्द दिला. मग तो गेला. त्याच्यावर जे जे होतं ते दिवसांच्या आत फेडायचं असतं. त्याने देवाला कोंबडा बोलला होता, तो दिला. सोयऱ्याच्या घराचं छप्पर शाकारून देईन म्हणाला होता, ते कमळ्याने शाकारलं. एक डॉक्टरचं रक्त तेवढं राहिलं होतं.

"मानूस शबूद ठिवून गेला तर त्याला फुडं वाट नाय गावत," ठकूबाई म्हणाली. "मी कमळ्याला सांगलं, तू दे. येकाच आयीच्या पोटचं रगत हाय."

मी डॉक्टर आहे. गेली वीस वर्षं लोकांनी औषधाचा कोर्स अर्धवट सोडला म्हणून त्यांच्यावर ओरडत आलोय. एक माणूस मेल्यानंतरही त्याच्या घरच्यांनी त्याचा कोर्स पुरा केला होता. मी डोंगराकडे बघू लागलो.

जना दारात येऊन उभी होती. तिने एकच विचारलं.

"ते चाललं ना, डागतर? त्येचं फिटलं ना?"

मॅडमना उत्तर माहीत होतं. मलाही होतं. ते चालणार नव्हतं.

६

रविवारची सभा भरगच्च झाली. मॅडमनी सगळं क्रमाने सांगितलं. शाईवर शाई, क्रिकेटची फायनल, न विचारलेलं नाव, न जुळलेले गट आणि शेवटी ठकूबाईचं अंगण.

मग ओव्हाळ उठले. आपला बचाव करतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी केला नाही. कोऱ्या लेबलांवर सह्या करणं ही माझी चूक आहे, ते म्हणाले. रूपालीला नाव विचारायची सवय लावणं माझं काम होतं. गोमाचं दुसरं सॅम्पल अभ्यासातून काढलं पाहिजे आणि का काढलं ते पुण्याला मी स्वतः लिहून कळवणार आहे. कमळ्याचं रक्त कितीही खरं असलं तरी ते गोमाचं नाही.

"आणि गोमाच्या घरी काय सांगणार?" मी विचारलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं. सभेत मी सहसा फक्त चहासाठी तोंड उघडतो.

ओव्हाळ म्हणाले, "तेच मला कळत नाही. अभ्यास वाचला तरी त्या माउलीसमोर जाऊन तुझ्या मुलाचा शब्द फिटला नाही असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

तेव्हा वनिता मॅडमनी पर्समधून एक कागद काढला. त्यांनी कुणालाही न सांगता गोमाच्या पहिल्या ट्यूबची गुठळी पुण्याला पाठवली होती. दोन सॅम्पलमधला फरक बघायची पद्धत नेहमीची. पण रक्तात जंतूचा अंशच सापडला तर एकाच सॅम्पलवर आजार पक्का ठरतो. फक्त त्यासाठी रक्त तापाच्या अगदी पहिल्या दिवसांत घेतलेलं लागतं. मोठ्या हॉस्पिटलांना असं रक्त क्वचितच मिळतं. ओव्हाळांनी ते डोंगर चढून जाऊन घेतलं होतं.

"सापडला," मॅडम म्हणाल्या. "गोमाचं पहिलंच सॅम्पल पुरेसं आहे. त्याच्यावर काही राहिलेलं नाही."

ओव्हाळांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधायला लागले. रुमाल सापडेना, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या लडकूने आपला दिला.

सगळे आता कर्णुकांकडे बघत होते. ते उठले, शर्ट सारखा केला.

"माझा आरोप चुकीचा होता, आणि डॉ. ओव्हाळांची मी सर्वांसमोर माफी मागतो. पुण्याच्या पत्रावर त्यांच्याबरोबर माझीही सही राहील, पत्र लिहून झाल्यावर." एवढा हशा त्या हॉलमध्ये पूर्वी कर्णुकांच्या बोलण्यावर कधी झाला नव्हता. तो थांबायची त्यांनी वाट बघितली. "आता माझा प्रश्न. कमळ्याला ताप येऊन गेला आणि तो कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही. असे पाड्यावर किती असतील? आपण फक्त दवाखान्यात येणारे मोजतोय. घरात बसून बरे होणारे आणि घरातच मरणारे कोण मोजणार? हे शोधायचं असेल तर मी यायला तयार आहे. पण नियम मी ठरवणार."

हात वर करायला सांगण्याआधीच हात वर झाले. माझाही झाला. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो खाली घ्यायची हिंमत केली नाही.

७

पुण्याच्या समितीची रीतसर परवानगी यायला वेळ लागला. ती आली तेव्हा शेतं कापून झाली होती. आम्ही पाड्यावर गेलो. ओव्हाळ, रूपाली, कर्णुक आणि बर्फाचा डबा उचलून मी. लडकूही होता, त्या दिवशी सामना नव्हता, म्हणजे निदान तसं त्याने शपथेवर सांगितलं.

सगळ्यांत आधी ओव्हाळ ठकूबाईच्या अंगणात गेले. गोमाने पहिल्यांदा दिलेलं रक्त पुरलं, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. त्याच्या रक्तातच आजार सापडला, त्याच्यामुळे आता या डोंगरातल्या तापावर योग्य गोळी पहिल्याच दिवशी देता येईल, आणि कमळ्याचं रक्त कमळ्याचंच राहील. जना आतल्या दाराला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती तशीच खाली बसली आणि खूप वेळ रडली. तिला कोणी थांबवलं नाही. कमळ्याने शाळेत जाऊन आपल्या नावाने परत रक्त दिलं. या वेळी त्याने बिस्किटंही घेतली.

शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. ताप आलेल्या घरांतली न आजारी पडलेली माणसंही या वेळी घ्यायची होती. कर्णुक बाही दुमडून सुई हाताळत होते, रूपाली प्रत्येकाला मोठ्याने नाव विचारत होती आणि लेबल लिहून झाल्यावरच ओव्हाळ सही करत होते. माझ्याकडे डबा होता. इतकी वर्षं नको नको म्हणत होतो ते काम हेच, आणि मला ते आवडत होतं.

रांग संपत आली तेव्हा ठकूबाई आली. तिचं नाव यादीत होतं, पण या वयात तिला त्रास देऊ नये असं आमचं ठरलं होतं. ओव्हाळांनी तिला हात जोडून सांगितलं, आजी, तुमचं नाही दिलंत तरी चालेल.

तिने ते ऐकून घेतलं. मग चप्पल बाहेर काढून आत आली, खुर्चीवर नीट बसली आणि हात पुढे केला.

"नाव काय, आजी?" रूपालीने विचारलं.

"ठकूबाई लक्ष्या शिंगवा," ती म्हणाली. "माजं हाय, माज्याच नावावं लिव. आन दुसऱ्या टायमाला कदी येऊ, ते आत्ताच सांग. माज्या मागं कुनाला यायला लागू नये."